नावात साल असलेली गाणी

ब्रिटनमध्ये एके काळी मोटारीच्या नंबरप्लेटवरचं पहिलं अक्षर दर ऑगस्टमध्ये बदलत असे. ऑगस्ट १९८७ ते जुलै १९८८ या काळात नोंदवलेल्या गाडीला ‘ई’ हे अक्षर मिळे. शेजाऱ्याने आणलेली गाडी कितपत नवी आहे, हे अख्ख्या गल्लीला न विचारता कळे. गॅरी न्यूमनचं ‘कार्स’ हे गाणं १९७९ मध्ये तिथल्या खपाच्या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर गेलं होतं. १९८७ मध्ये तेच गाणं नवा ठेका लेवून पुन्हा बाजारात आलं तेव्हा त्याच्या नावापुढे कंसात छापलं होतं, ‘ई रेज मॉडेल’. मोटारीवरच्या गाण्याची नव्या वर्षी रीतसर नोंदणी! पुढे १९९३ मध्ये ते आणखी एकदा निघालं, आणि १९९६ मध्ये एका बिअरच्या जाहिरातीचं निमित्त साधून पुन्हा.

हा चावटपणा एकट्या न्यूमनचा नव्हता. न्यू ऑर्डर या मँचेस्टरच्या बँडचं ‘ब्लू मंडे’ १९८३चं. त्यानंतर आलं ‘ब्लू मंडे १९८८’, मग ‘ब्लू मंडे-९५’. सॉफ्ट सेलचं ‘टेन्टेड लव्ह’ दहा वर्षांनी ‘९१’चा आकडा लावून परतलं आणि पुन्हा पहिल्या पाचांत जाऊन बसलं. गाण्याच्या नावातच साल! आपल्याकडे साल छापतात ते दिवाळी अंकावर, म्हणजे ज्याची रद्दी होणार हे छापतानाच ठाऊक असतं अशा गोष्टीवर. तरीही जुने दिवाळी अंक माळ्यावर जपून ठेवणारी माणसं घरोघर निघतात. मी त्यांच्याच जातकुळीतला. माझ्या माळ्यावर मात्र अंक नाहीत, सीडी सिंगल आहेत. त्याही एका ठरावीक वाणाच्या. पंकची धुमाळी ओसरल्यावर, साधारण १९७८ ते १९८४ या काळात, सिंथेसायझर आणि ड्रम मशीन हाताशी घेऊन ज्या मंडळींनी न्यू वेव्हची गाणी केली, त्याच गाण्यांची पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नाचासाठी काढलेली रूपं.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं इंग्लंडमध्ये काढली, तेव्हा हा नाद लागला. तिथल्या धर्मादाय संस्थांच्या दुकानांत जुने स्वेटर, चिनी मातीची भांडी आणि अर्धवट जिगसॉ यांच्या शेजारी या सीड्यांचं खोकं असे. अल्बम लोक घरी ठेवून घेत. आधी टाकून देत त्या सिंगल. त्यांची प्लॅस्टिकची पेटी इतकी बारीक की फळीवर उभी केली तर कण्यावरचं नाव वाचायला मान वाकडी करावी लागते. त्यामुळे गिऱ्हाईकही त्यांच्या वाटेला फारसं जात नसे. भारतात कॅसेटने घराघरांत राज्य केलं, मग सीडी आल्या. पण एका गाण्याची सीडी हा प्रकार आपल्याकडे रुजलाच नाही. त्यामुळे भाच्याने एकदा माझं सीड्यांचं खोकं उघडलं आणि मागची यादी वाचून तो गोंधळला.

“मामा, यात सहा गाणी लिहिलीत, पण सगळ्यांचं नाव एकच आहे.”

“एकच गाणं आहे ते.”

“सहा वेळा?”

“सहा वेळा.”

“आणि तू विकत घेतलंस?”

त्याला उत्तर द्यायचं तर आधी जागेचा हिशेब सांगावा लागतो. १२ सेंटिमीटरच्या त्या चकतीवर ७४ मिनिटांचा आवाज मावतो आणि गाणं असतं चार मिनिटांचं. उरलेल्या जागेचं करायचं काय? नवीन गाणी द्यायची तर अल्बम कोण घेईल? तेव्हा तेच गाणं निरनिराळ्या माणसांकडे सोपवायचं: एक रेडिओसाठी आखूड, एक क्लबसाठी लांब, एक बिनआवाजाचं, एक ‘डब’. तक्त्याचे नियमही या उद्योगाला पोषक होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये सिंगलच्या लांबीवर मर्यादा होती. पण सगळी रूपं एकाच गाण्याची असतील तर ४० मिनिटांपर्यंत मुभा होती. द ऑर्ब या बँडने १९९२ मध्ये याचा असा काही फायदा उठवला की ‘ब्लू रूम’ नावाचं एकच गाणं ४० मिनिटांना जेमतेम काही सेकंद कमी ठेवून काढलं आणि ते पहिल्या दहांत नेलं. बाकीच्यांनी व्यापारी वाट धरली. सिंगल दोन सीड्यांमध्ये फोडायची, पहिलीच्या पेटीत दुसरीसाठी रिकामी खाच ठेवायची, म्हणजे ती भरेपर्यंत गिऱ्हाइकाला चैन पडायला नको. ही खाच आखणारा माणूस संग्राहकाचा स्वभाव पुरता ओळखून होता.

यातलं बरंचसं काम पैशासाठी झालं, हे सांगायला संकोच वाटायचं कारण नाही. जुन्या टेपा कंपनीच्या कपाटात होत्या, हक्क कंपनीकडे होते आणि अशा बहुतेक रीमिक्सच्या मागे ‘निवडक गाण्यां’चं एखादं संकलन विक्रीला उभं असे. न्यू ऑर्डर ज्या फॅक्टरी रेकॉर्ड्ससाठी गात होते ती कंपनी १९९२ मध्ये बुडाली. बँड दुसऱ्या कंपनीकडे गेला, तिने १९९४ मध्ये ‘बेस्ट’ काढला आणि १९९५ मध्ये त्याला जोड म्हणून ‘रेस्ट’ काढला. म्हणजे उत्तम संपलं, आता उरलेलं घ्या! या उरलेल्यातून ‘ब्लू मंडे-९५’ आलं.

पण ‘ब्लू मंडे’ची तीन सालं एकापाठोपाठ ऐकली की व्यापाराच्या पलीकडचं काहीतरी कानावर येऊ लागतं. १९८३चं रूप साडेसात मिनिटांचं, फक्त बारा इंची तबकडीवर निघालेलं. पीटर सॅव्हिलने केलेलं त्याचं वेष्टन संगणकाच्या फ्लॉपीसारखं कापलेलं होतं. त्यावर गाण्याचं नाव सरळ वाचता येईल असं कुठेच नव्हतं, कडेला रंगांच्या चौकटींची सांकेतिक लिपी तेवढी होती. हे वेष्टन इतकं महाग पडलं की प्रत्येक प्रतीमागे काही पेन्सचा तोटा होई, ही गोष्ट फॅक्टरीचे टोनी विल्सन रंगवून सांगत. आत मात्र सगळा काटकसरीचा संसार. ड्रम मशीनचा अडखळता ठोका, सिंथेसायझरचा धावता खर्ज, पीटर हुकचं बेस गिटार नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. आवाज येतो तोच मुळी दोन मिनिटं उलटून गेल्यावर, आणि आला तरी गाणारा बर्नार्ड समनर भावना मोजून-मापून वापरतो. इयन कर्टिस हा त्यांचा आधीचा गायक १९८० मध्ये आत्महत्या करून गेला होता. जॉय डिव्हिजन हे बँडचं आधीचं नाव त्याच्याबरोबर संपलं. उरलेले न्यू ऑर्डर झाले, न्यूयॉर्कच्या क्लबांत जाऊन नाचाचं संगीत ऐकून आले आणि १९८२ मध्ये मँचेस्टरमध्ये उघडलेल्या हासिएंडा या क्लबात त्यांनी स्वतःचा पैसा ओतला. दुःख पोटात ठेवून नाचायचं कसं, हे ज्या गाण्यात पहिल्यांदा त्यांना नेमकं साधलं ते हे गाणं.

१९८८चं रूप क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांनी केलं. जोन्स यांच्याच कंपनीतर्फे न्यू ऑर्डरची गाणी अमेरिकेत निघत. हे रूप आटोपशीर, चकचकीत, जागोजागी आवाजांचे तुकडे पेरलेलं. मूळ गाण्याला रिकामं राहण्याची भीती वाटत नव्हती, याला वाटते. तक्त्यात मात्र ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं, मूळ गाण्यापेक्षाही वर.

१९९५चं रूप हार्डफ्लोअर या जर्मन जोडीचं. त्यांचं खास वाद्य म्हणजे रोलंड कंपनीचं टीबी-३०३, बेस गिटारची नक्कल करायला काढलेलं आणि त्या कामात सपशेल नापास झालेलं यंत्र. त्याचा आवाज खर्जातून हळूहळू वर चढतो, पिळवटतो, किंचाळायच्या बेतात येतो आणि पुन्हा खाली बसतो. हार्डफ्लोअरने ‘ब्लू मंडे’चा सांगाडा ठेवला आणि त्याच्या अंगाखांद्यावर हा आवाज चढू दिला. समनरचा स्वर मधेच येतो, आणि मला दर वेळी तो परक्या लग्नात चुकून शिरलेल्या माणसाचा वाटतो. वय तेच, खालची पट्टी तीच, थंडपणाही तोच. भोवतीची गर्दी मात्र बारा वर्षांनी बदललेली.

या संग्रहातून मला मिळालेली गोष्ट ही. मूळ गाणं आज कुठेही, कधीही वाजतं. ते लोकांच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यातून १९८३ साल आता जवळजवळ पुसलं गेलंय. जे टिकतं ते काळाचं राहत नाही. याउलट ‘ब्लू मंडे-९५’ ऐकताना १९९५ सोडून दुसरीकडे कुठे जाताच येत नाही. अशी रूपं तेव्हाच्या नाचणाऱ्यांसाठी, तेव्हाच्या यंत्रांवर, तेव्हाच्या घाईत केलेली असल्यामुळे लवकर जुनी झाली आणि जुनी झाल्यामुळेच त्यांनी आपलं वर्ष धरून ठेवलं. अभिजात म्हणतात त्या गोष्टीला तारीख लागत नाही. मला मात्र तारीख हवी असते.

कान थोडा तयार झाला की वेष्टन न पाहता साल सांगता येतं. ठणठणीत, काचेसारखा पियानो जोडस्वरांत उड्या मारू लागला तर तो बहुधा कॉर्ग एम-वन. हे वाद्य १९८८ मध्ये आलं आणि पुढली चार-पाच वर्षं ते टाळणं अवघड होतं. गाण्याची लय वाढवली आहे, पण गाणाऱ्याचा आवाज मात्र चिमणीसारखा झालेला नाही आणि त्याच्या दीर्घ स्वरांना एक खरखर, चिरा पडल्यासारखा पोत आला आहे, असं असेल तर तिथे सॅम्पलरने आवाज ताणला किंवा आवळला आहे, म्हणजे आपण १९९०च्या दशकात आलो. त्याआधी लय वाढवायची तर टेप जोरात फिरवावी लागे आणि स्वरही वर जाई. सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका मिनिटभर चालू राहतो तो डीजेच्या सोयीसाठी. एक तबकडी संपता संपता दुसरी त्याच लयीत जुळवून घ्यायची, तर दोन्हीकडे मोकळी जागा लागते. गाण्यापेक्षा रात्र मोठी, हा त्यामागचा हिशेब.

माझी आवड मात्र ‘डब’ रूपांची. जमैकातल्या किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी १९७०च्या दशकात गाण्यातून आवाज काढून घ्यायला, ठेका उघडा ठेवायला आणि मधेच एखादा शब्द प्रतिध्वनीत विरघळवून सोडायला सुरुवात केली. ती रीत लंडन, न्यूयॉर्क करत क्लबांत आली. डबमध्ये प्रेमभंगाच्या गाण्यातला प्रेमभंग निघून जातो. उरतो एखादा सुटा शब्द आणि त्याच्या मागे लांबत जाणारी रिकामी जागा. सीडीच्या मागच्या यादीत हे रूप शेवटी असतं आणि बहुतेकांनी तिथवर मजल मारलेली नसते.

“पण मूळ गाण्याचं वाटोळं होतं त्याचं काय?” हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. तो विचारणाऱ्याच्या मनात मूळ गाणं एकच असतं. न्यू वेव्हच्या बाबतीत ते एकच सापडणं मोठं मुश्किलीचं. ‘टेन्टेड लव्ह’ सॉफ्ट सेलचं नव्हेच. ते एड कॉब यांनी लिहिलेलं, ग्लोरिया जोन्स यांनी १९६०च्या दशकात गायलेलं आणि त्या वेळी पडलेलं गाणं. उत्तर इंग्लंडच्या क्लबांत रात्रभर नाचणाऱ्या पोरांनी ते उचलून धरलं, तिथून ते लीड्सच्या दोन तरुणांच्या कानी गेलं आणि १९८१ मध्ये त्यांनी ते सिंथेसायझरवर केलं. ब्लाँडीचं ‘हार्ट ऑफ ग्लास’ घ्या. १९७५ च्या सुमारास ते एका संथ रूपात होतं आणि बँडमधली मंडळी त्याला ‘डिस्को साँग’ म्हणत. १९७८ मध्ये निर्माते माइक चॅपमन यांच्या हाताखाली ते ड्रम मशीनवर चढलं, आणि पंकवाल्यांनी ब्लाँडीवर डिस्कोला विकले गेल्याचा आरोप केला. १९९५ मध्ये डिडी नावाच्या ब्रिटिश निर्मात्याने (अमेरिकी रॅपर तो वेगळा) त्याचं रीमिक्स काढलं तेव्हा जुने चाहते कुरकुरले, की याने आमचं गाणं नाचाला जुंपलं. सतरा वर्षांपूर्वी तक्रार नेमकी हीच होती. फक्त तेव्हा ज्याला बाटलेलं म्हटलं, तेच आता सोवळ्यात जाऊन बसलं होतं.

यझूचं ‘सिच्युएशन’ तर ब्रिटनमध्ये दुसऱ्या गाण्याच्या पाठीवर ढकललेलं. न्यूयॉर्कच्या फ्रांस्वा केव्हॉर्कियन यांनी १९८२ मध्ये त्याचं रीमिक्स केलं आणि अमेरिकी क्लबांनी ते डोक्यावर घेतलं. मायदेशी त्याला स्वतःच्या नावाने तक्त्यात मानाचं पान मिळायला १९९० च्या रीमिक्सची वाट पाहावी लागली. ह्यूमन लीगच्या फिलिप ओकी यांना ‘डोन्ट यू वाँट मी’ मुळातच आवडत नव्हतं. म्हणून ते ‘डेअर’ अल्बमच्या अगदी शेवटी टाकलेलं होतं. ते १९८१ च्या नाताळात पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी त्यांचे निर्माते मार्टिन रशंट यांनी त्या अल्बमच्या टेपा ब्लेडने कापून-जोडून नाचाचा एक अख्खा अल्बम तयार केला, ‘लव्ह अँड डान्सिंग’. म्हणजे गाणं अजून वर्षाचंही झालं नव्हतं, तोवर त्याचा दुसरा अवतार निघाला होता. १९९५ मध्ये ‘डोन्ट यू वाँट मी’चं रीमिक्स सीडीवर आलं तेव्हा ते परंपरा मोडत नव्हतं, घरचीच रीत चालवत होतं.

आपल्याकडे रीमिक्सची लाट आली ती २००० नंतर, आणि तिचं भांडण वेगळं होतं. ‘समाधी’ या १९७२ च्या चित्रपटातलं, राहुलदेव बर्मन यांच्या चालीवरचं आणि लता मंगेशकरांनी गायलेलं गाणं २००२ मध्ये ‘काँटा लगा’ म्हणून घरोघर वाजू लागलं. पण त्यात लताबाईंचा आवाज नव्हता. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात अशी सोय होती की मूळ ध्वनिमुद्रण निघून दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या आवाजात मुद्रित करता येई. मूळ टेप उघडायची, तिच्या मालकाशी बोलायची गरजच नव्हती. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली आणि संमतीशिवाय गाण्यात फेरफार करायला मनाई आली. ब्रिटिश रीमिक्सवाल्यापुढे कंपनी मूळ टेप ठेवी. तिच्या एका पट्टीवर फक्त गाणाऱ्याचा आवाज असे. तो जसाच्या तसा उचलून भोवतालचं सगळं नव्याने उभारता येई. आपण चाल ठेवली आणि गळा बदलला. त्यांनी गळा ठेवला आणि बाकी सगळं बदललं. त्यामुळे आपल्याकडचा राग हा गाणाऱ्याच्या बाजूने होता आणि तो रास्त होता. तिकडे गाणारा निदान स्वतःच्याच गाण्यात हजर होता, मग लग्न परकं का असेना.

या कथेतला एक धागा मात्र थेट मुंबईत येऊन पोचतो. ज्या टीबी-३०३ ने १९९५ च्या ‘ब्लू मंडे’ला पिळून काढलं, ते यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आलं आणि न खपल्यामुळे १९८४ पर्यंत बंद पडलं. शिकागोच्या तरुणांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात उचललं आणि १९८७ मध्ये त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ जन्माला आलं, असं इतिहास सांगतो. पण चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच मुंबईत टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं एकत्र बांधून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. एचएमव्हीने ती तबकडी काढली आणि कुणी तिची दखल घेतली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे चक्रावले. भैरवीच्या स्वरांखाली तोच पिळवटणारा आवाज, शिकागोच्या पाच वर्षं आधी! २०१५ मध्ये चरणजित सिंग मुंबईतच वारले. त्यांच्या तबकडीची गंमत माझ्या खोक्यातल्या सीड्यांच्या उलट आहे: त्यांचं काम आपल्या सालात बसतच नव्हतं, म्हणून त्याला ओळखायला अठ्ठावीस वर्षं लागली. काळाबरोबर चालणाऱ्यांच्या नोंदी जवळ असल्याशिवाय काळाच्या पुढे कोण होतं हे कळत नाही. माझ्या सीड्या त्या सामान्य नोंदी आहेत.

आणि त्या नोंदी अमर वगैरे नाहीत. सीडी झिजत नाही, असं ती विकताना सांगितलं गेलं होतं. पण लँकेशायरमधल्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक चकत्यांचा थर वेष्टनाच्या कागदातल्या गंधकाने काळवंडला. कडेकडून तपकिरी रंग आत सरकत जातो आणि शेवटची गाणी आधी जातात. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून कडेला असलेलं शेवटचं रूप पहिलं बळी पडतं. आणि शेवटी असतं ते बहुधा डब. माझ्या काही चकत्यांवर तो रंग चढला आहे. त्यांची नक्कल संगणकावर करून ठेवली आहे, कारण यातली पुष्कळ रूपं आज इंटरनेटवरच्या अधिकृत संग्रहांत मिळत नाहीत. गाण्यांच्या वर्धापनदिनी जाडजूड पेट्या निघतात, त्यांत मूळ गाणं येतं, बारा इंची रूप येतं, मैफलीतलं येतं. १९९०च्या दशकातल्या रीमिक्सना मात्र बऱ्याचदा वगळतात. घरातल्या कर्तृत्ववान मंडळींच्या फोटोंत फॅशनवेडा काका बसत नाही.

फोनवर गाणी ऐकताना हल्ली नावापुढे साल पुन्हा दिसू लागलं आहे: अमुक साली ‘रीमास्टर’. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जुना सोबती भेटल्याचा आनंद झाला होता, पण ही जात निराळी. रीमास्टरचं साल म्हणतं, मी धूळ पुसली, बाकी कशाला हात लावला नाही. गाणं तेव्हा होतं तसंच आहे. ते पूर्ण खरं नसतं, कारण पुसणाऱ्याचाही कान त्याच्या काळाचा असतो आणि बऱ्याच रीमास्टरमध्ये सगळे आवाज सारखेच मोठे करून ठेवलेले असतात. रीमिक्सचं साल असला सोज्वळपणा दाखवत नसे. ते सरळ सांगे, या वर्षी आम्हाला हे गाणं असं वाजवावंसं वाटलं, पटलं तर नाचा. यातली निम्मी रूपं वाईट आहेत, हे मला ऐकूनच माहीत आहे. घर बदलताना खोकं हलकं करायचं ठरलं, तेव्हा भाच्याने शहाणपणाने सुचवलं की चांगली तेवढी ठेव आणि वाईट देऊन टाक. मी त्याला चांगली दिली. ती त्याला कुठेही मिळाली असती.